जपानी वाग्यू: काय खावं, कुठे खावं आणि ए-5 चा हट्ट का सोडावा

कान्साईकर

जपानला येणाऱ्या मराठी मंडळींचे व्यनि (खाजगी निरोप) हल्ली वाढले आहेत आणि त्यांतले बरेचसे एकाच प्रश्नाचे असतात: "कोबे बीफ कुठे खायचं, आणि ए-5 च घ्यायचं ना?" दर वेळी वेगळं लिहिण्यापेक्षा जे ठाऊक आहे ते इथे एकत्र मांडतो. इतरांनी भर घालावी. आपल्यातले अनेक जण बीफ खात नाहीत, त्यांच्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे. विषय, म्हणजे वाग्यू हे जपानी गुरांचं मांस, शीर्षकातच सांगितला आहे, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ए-5 हा सर्वोच्च दर्जाचा शिक्का चांगला, पण तो चवीचा दाखला नाही. जनावर कुठल्या वंशाचं, ते किती महिने आणि कशावर पोसलं, कुठल्या पद्धतीने शिजवलं आणि आपण किती खाल्लं, यावर सगळं ठरतं. ए-5 सरलॉइनचा (पाठीकडच्या मांसाचा) भलाथोरला स्टेक मागवून अर्ध्यावर ताट सरकवणारे पाहुणे बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. त्या जनावरामागे माणसांची अडीच-तीन वर्षं गेलेली असतात.

जपानात वाग्यू म्हणून चारच जातींची आणि त्यांच्या आपसांतल्या संकराची गुरं विकता येतात: काळी, तपकिरी, शॉर्टहॉर्न आणि बिनशिंगी. त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त काळ्या जातीची. सुपरमार्केटात 'कोकुसान-ग्यू' लिहिलेलं पाकीट दिसलं तर ते जपानात पोसलेलं बीफ खरं, पण वाग्यू नव्हे. ते बहुतेक होल्स्टीनचं किंवा होल्स्टीनच्या संकराचं असतं.

काळ्या जातीचं मूळ शोधायला ह्योगो प्रांताच्या उत्तरेला, ताजिमाच्या डोंगरात जावं लागतं. तिथे हिवाळ्यात भरपूर बर्फ, अरुंद दऱ्या आणि उतारावर टप्प्याटप्प्याची भातशेती. घरटी एखाददुसरी गाय, तीही औताला. एका दरीतलं जनावर दुसऱ्या दरीत फारसं जात नसे, म्हणून वंश वेगवेगळे टिकले. मेइजी काळात (1868-1912) सरकारने गुरं अंगाने मोठी व्हावीत म्हणून ब्राउन स्विस, शॉर्टहॉर्न, सिमेंटल असे परदेशी वळू आणले आणि काही वर्षांतच शुद्ध ताजिमा वंश संपत आला. ओजिरो भागातल्या आत्सुता नावाच्या आडबाजूच्या वाडीत चार शुद्ध गुरं उरली होती. त्यांच्याच वंशात 1939 साली ताजिरी नावाचा वळू जन्मला. 2012 मध्ये वाग्यूच्या नोंदणी संघटनेने वंशावळी तपासल्या, तेव्हा देशभरातल्या काळ्या जातीच्या गायींपैकी 99.9 टक्के गायी या ताजिरीच्या वंशातल्या निघाल्या. मात्सुसाका घ्या, हिदा घ्या, मियाझाकी घ्या, कुठलाही ब्रँड घ्या, मागे जात जात तुम्ही त्या एका दरीतच पोहोचता. वाग्यूबद्दलची याहून विलक्षण गोष्ट मला माहीत नाही.

त्या भागात गुरांची नोंदवही 1898 पासून ठेवली जाते. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिथल्या गोपालनाच्या पद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

कुठे खायचं ते प्रतिसादांत लिहितो. कुठली शहरं करणार आहात आणि सोबत कोण आहे ते सांगा.

मंजिरी_दुबई

वाचनखूण साठवली. दादा, इथे दुबईत मेनूवर 'वाग्यू' सर्रास दिसतं, अगदी बर्गरमध्येसुद्धा. ते हेच का? आणि ए म्हणजे काय, 5 म्हणजे काय, हे एकदा नीट सांगा ना.

कान्साईकर

मंजिरीताई, आधी अक्षर आणि आकडा.

अक्षर खाटकासाठी असतं, खाणाऱ्यासाठी नाही. सोललेल्या धडातून किती टक्के मांस निघेल याचा अंदाज म्हणजे ए, बी किंवा सी. 72 टक्के किंवा जास्त असेल तर ए. आपल्या ताटात बी आलं तरी चवीत काडीचा फरक पडत नाही.

आकडा मांसाच्या दर्जाचा. सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मधे छेद घेतात आणि परीक्षक त्या छेदावर चार गोष्टी बघतो: चरबीची जाळी, मांसाचा रंग आणि तकाकी, घट्टपणा आणि पोत, चरबीचा रंग आणि चमक. चारांपैकी ज्यात सगळ्यात कमी गुण, तोच अंतिम आकडा. तिघांत 5 आणि एकात 3 असेल तर जनावर 3 चं. यातल्या चरबीच्या जाळीला आणखी 1 ते 12 अशी बारीक मोजपट्टी आहे, तिला बीएमएस म्हणतात. 8 ते 12 म्हणजे दर्जा 5, आणि 5 ते 7 म्हणजे दर्जा 4. म्हणजे बीएमएस 8 वालाही ए-5 आणि 12 वालाही ए-5, पण तोंडात दोन्हींचा अनुभव पार वेगळा. 12 च्या सरलॉइनमध्ये चरबीचं प्रमाण निम्म्याच्या घरात जातं. आणि या सगळ्यात कुणीही मांस चाखून बघत नाही. म्हणून म्हणतो, चवीचा दाखला नाही.

बर्गरमधलं 'वाग्यू' बहुधा ऑस्ट्रेलियाचं किंवा अमेरिकेचं असतं. 1976 मध्ये चार वळू जपानातून अमेरिकेत गेले, 1990 च्या दशकात आणखी गुरं, वीर्य आणि भ्रूण बाहेर गेले आणि तिथून ऑस्ट्रेलियात पसरले. तिकडे अनेकदा अँगस किंवा होल्स्टीन गायीशी संकर करतात. ते मांस वाईट नाही, बर्गरला तर जपानीपेक्षा चांगलं, कारण मांसाची स्वतःची चव जास्त असते. फक्त ते जपानी म्हणून घेऊ नका. कोबे बीफ तर 2012 च्या फेब्रुवारीपर्यंत जपानबाहेर निर्यातच होत नव्हतं. पहिली खेप मकावला गेली.

पशुवैद्य_सातारा

विषय माझ्या धंद्याचा असल्याने थोडं लांब लिहितो.

चरबी सगळ्याच गुरांना चढते. बहुतेक जातींत ती कातडीखाली आणि आतड्यांभोवती साठते. काळ्या वाग्यूत ती स्नायूच्या धाग्यांमध्ये शिरते. आपल्याकडे खिलार जशी पिढ्यान्‌पिढ्या ताकदीसाठी आणि चालीसाठी निवडत गेले, तशीच ताजिमा गुरंही औताची. सतत ओढकाम करणाऱ्या जनावराला स्नायूतच शक्तीचा साठा हवा, त्यातून हा गुण आला असं बरेच जण मानतात. पण नंतर माणसाने नेमका तोच गुण निवडून निवडून टोकाला नेला, हे नक्की.

दुसरं म्हणजे चरबीचा प्रकार. हिच्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं, जे ऑलिव्हच्या तेलातही असतं. त्यामुळे ही चरबी फार कमी तापमानाला वितळते. मांसाचा पातळ काप बोटांत धरला तरी कडा चकाकायला लागते. तोत्तोरी प्रांताने तर चरबीत 55 टक्के किंवा जास्त ओलेइक आम्ल असलेल्या मांसाला वेगळं नावच दिलं आहे, 'ओलेइन 55'. जाळी किती यापेक्षा चरबी कशी आहे याला मान देणारी ही पद्धत मला फार पटते. आणि वासाबद्दल सांगायचं तर काळ्या वाग्यूचा तो गोडसर, नारळाची आठवण करून देणारा सुगंध 80 अंशांच्या आसपास शिजवल्यावर सगळ्यात जास्त खुलतो. सुकियाकी (गोडसर रसात शिजवलेले काप) आणि शाबू-शाबू (उकळत्या पाण्यात बुडवून शिजवलेले काप) हे प्रकार तिथे का रुजले ते यावरून कळतं.

आता पोसण्याबद्दल. वासरं साधारण आठ-दहा महिन्यांची झाली की बाजारात लिलाव होतो. वासरं काढणारा शेतकरी वेगळा आणि पोसणारा वेगळा. पुढे वीसेक महिने गोठ्यात. मका, सातू, गव्हाचा कोंडा, सोयाबीन आणि भाताचा पेंढा. पेंढा फक्त पोट भरायला नाही. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन असतं, त्याने चरबी पिवळी पडते आणि जनावराच्या अंगात अ जीवनसत्त्व वाढतं. वाळल्या पेंढ्यात ते फार कमी. वाढीच्या मधल्या काही महिन्यांत अ जीवनसत्त्व कमी ठेवलं की स्नायूतली चरबी वाढते, हे जपानी पोसणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. पण हात जरा जास्त आखडला की जनावराची दृष्टी जाते, सांधे सुजतात, भूक मरते. चांगला पोसणारा रक्ततपासणी करून ती सीमा सांभाळतो. पशुवैद्य म्हणून मला हा भाग खटकतो आणि तो सांगितल्याशिवाय वाग्यूचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही.

रश्मी_पार्ले

डॉक्टर, फार माहितीपूर्ण. गुरांना बिअर पाजतात, मालिश करतात, संगीत ऐकवतात असं जे ऐकतो ते खरं का?

पशुवैद्य_सातारा

कुठल्याही ब्रँडच्या नियमात ते नाही. उन्हाळ्यात जनावर चारा खाईना तर भूक लागावी म्हणून क्वचित कुणी बिअर दिली असेल, रक्ताभिसरणासाठी ब्रशने खरारा तर कुठलाही चांगला गोपाळ करतो. मात्सुसाकाच्या काही पोसणाऱ्यांकडे या गोष्टी झाल्या आणि त्याच जगभर गाजल्या. मांस त्यामुळे चांगलं होत नाही. स्वच्छ कोरडा गोठा, शांत जनावर आणि वेळच्या वेळी चारा, एवढ्यावर निम्मी लढाई जिंकली जाते.

फ्रान्सिस_वसई

कान्साईकर दादा, नमस्कार. आमच्या वसईच्या घरात बीफ सणावाराला असतंच, त्यामुळे हा धागा बारकाईने वाचला. मी, बायको आणि माझे आईवडील एप्रिलमध्ये येतोय. टोकियो, क्योतो, ओसाका. वडिलांचं वय 74, दात फार चांगले नाहीत, आणि त्यांची फार इच्छा आहे की एकदा खरं कोबे खायचं. बजेट बेताचं आहे. एकच मोठं जेवण करू, बाकी साधं. काय करावं?

कान्साईकर

फ्रान्सिसभाऊ, वडिलांना घेऊन येताय हे फार छान. वाग्यू वयस्कर माणसांना खरंच सोपं जातं, दातांना कामच नसतं.

आधी कोबेबद्दल एक गोष्ट. कोबे बीफ कुणी 'पाळत' नाही. शेतकरी पाळतो ती ताजिमा गुरं. ह्योगोतच जन्मलेलं, ह्योगोतच वाढलेलं आणि तिथल्याच कत्तलखान्यात गेलेलं ताजिमा वंशाचं जनावर, तेही खच्ची केलेला नर किंवा न व्यायलेली कालवड, दर्जा 4 किंवा 5, बीएमएस 6 किंवा वर, अक्षर ए किंवा बी. एवढं सगळं जुळलं की धडावर नोजिगिकु फुलाचा शिक्का बसतो आणि मग ते कोबे बीफ. अशी जनावरं वर्षाला काही हजारच निघतात. 1983 मध्ये स्थापन झालेली संघटना हे सगळं सांभाळते आणि नोंदणीकृत दुकानांना बैलाची छोटी कांस्यमूर्ती देते. दाराशी ती मूर्ती आहे का बघा.

यात बजेटवाल्यांसाठी एक वाट आहे. जे जनावर बीएमएसमध्ये थोडक्यात हुकतं ते 'ताजिमा-ग्यू' म्हणून कमी भावात विकलं जातं. वंश तोच, गोठा तोच. मला स्वतःला स्टेकसाठी हेच जास्त आवडतं.

ओसाकाहून कोबेचं सान्नोमिया स्टेशन जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत. दुपारी जा. रात्रीच्या मानाने दुपारचा सेट खूपच स्वस्त असतो आणि मांस तेच. स्टेशनजवळच्या स्टेकलँडमध्ये साध्या माणसांची रांग असते, तिथे कोबे बीफचा सेट वेगळा मागावा लागतो, सगळ्यात स्वस्त सेट म्हणजे कोबे नव्हे. थोडा जास्त खर्च चालत असेल तर 1885 पासूनचं मोउरिया. लोखंडी तव्यावर समोर भाजून देण्याची पद्धत, म्हणजे तेप्पानयाकी, कोबेतच 1945 मध्ये मिसोनो या हॉटेलात सुरू झाली, तेही अजून चालू आहे.

मागवताना माणशी 100 ते 120 ग्रॅम. त्याहून जास्त नको. चौघांत दोन सरलॉइन आणि दोन मांडीकडचे, कमी चरबीचे काप घ्या आणि वाटून खा. मीठ, वसाबी, तळलेला लसूण. सॉस शेवटच्या दोन तुकड्यांना. मधे मधे भात आणि लोणचं खायचं, म्हणजे चरबी अंगावर येत नाही.

माई_टोकियो

कोबेबद्दल सगळं मान्य, पण मी मात्सुसाकाची बाजू लढवणार!

मिए प्रांतातलं जुनं व्यापारी गाव, इसेच्या मंदिराच्या वाटेवर. नागोयाहून किन्तेत्सुच्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास. मात्सुसाका बीफ म्हणजे फक्त न व्यायलेल्या कालवडी. त्यातही ह्योगोतून आणलेलं वासरू 900 दिवसांहून जास्त पोसलं तर ते 'खास मात्सुसाका'. कालवड हळू वाढते, चरबी अधिक बारीक धाग्यांनी पसरते. जितकं हळू तितकं गोड, असं तिथले पोसणारे म्हणतात आणि ते खरं आहे.

वादाकिन हे 1878 पासूनचं घर. तिथली सुकियाकी कशी करतात ते सांगते. खोलीत वाढणारी बाई येते, टेबलाच्या मधोमध निखारे, त्यावर जाड लोखंडी कढई. आधी चरबीचा पांढरा तुकडा कढईभर फिरवते. मग आपल्या पोळीइतका तरी रुंद काप उलगडून ठेवते. त्यावर साखर भुरभुरते, तामारी सोया सॉस ओतते, कोम्बूच्या (समुद्री शेवाळाच्या) पाण्याचा एक हबका. काप एकदाच उलटते. कडा तपकिरी, मध्य अजून गुलाबी असतानाच तुमच्या वाटीतल्या फेटलेल्या कच्च्या अंड्यात तो अलगद सोडते. तुम्ही खाऊन होईपर्यंत दुसरा काप कढईत पडत नाही. भाज्या नंतर, त्याच रसात. सगळा वेळ ती तुमच्या खाण्याच्या वेगाकडे बघत असते. माणशी दहा हजार येनच्या वरच जातं, पण आयुष्यात एकदा.

अवांतर: टोकियोकडची सुकियाकी वेगळी. इथे सोया, मिरिन, साखर आधीच उकळून केलेला रस ओततात आणि सगळं त्यात शिजवतात. कान्साईत (ओसाका-क्योतोकडे) मांस आधी भाजतात. मी इतकी वर्षं टोकियोत राहूनही कान्साईच्या पद्धतीलाच मत देईन.

कान्साईकर

माई, +1. सुकियाकीच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही. फ्रान्सिसभाऊ क्योतोत असतील तर तेरामाची-सान्जोच्या कोपऱ्यावर मिशिमा-तेई आहे, 1873 पासूनचं. खाली खाटकाचं दुकान, वर बसायच्या खोल्या. क्योतोच्या शेजारच्या शिगा प्रांतातलं ओमी बीफही विसरू नका. जपानात गुरं खाणं निषिद्ध होतं त्या काळातही हिकोनेच्या सरदारांकडून मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात) मुरवलेलं ओमीचं मांस 'औषध' म्हणून एदोच्या (आजच्या टोकियोच्या) शोगुनला, म्हणजे लष्करी सत्ताधीशाला, जात असे.

इतिहासप्रेमी_नगर

हे निषिद्ध असण्याचं प्रकरण जरा उलगडा. जपानी लोक तर पूर्वीपासून खात असतील असं वाटलं होतं.

माई_टोकियो

नाही हो. 675 साली सम्राट तेन्मुने शेतीच्या हंगामात गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. बौद्ध विचार आणि शेतीच्या जनावरांची गरज, दोन्ही कारणं. बंदी पुढेही वेगवेगळ्या रूपांत चालू राहिली आणि गाय-बैल हे कामाचे सोबती मानले गेले. 1872 च्या जानेवारीत सम्राट मेइजीने स्वतः बीफ खाल्लं आणि ते जाहीर झालं, तेव्हा वारं पुरतं फिरलं. त्याआधीच योकोहामात परदेशी वस्तीमुळे ग्युनाबेची (बीफच्या रश्श्याची) दुकानं निघाली होती. ओता नावानोरेन हे 1868 चं घर अजून आहे, तिथे पातळ काप नाहीत, जाड चौकोनी तुकडे मिसोत, कोळशावर. टोकियोहून अर्धा-पाऊण तास. इतिहासाची आवड असेल तर नक्की जा.

दक्षिणवारा

मी मियाझाकीत नोकरी करतो. या प्रांताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

इतर ब्रँड्सना वासरं पुरवणारा प्रांत अशीच मियाझाकीची जुनी ओळख. मात्सुसाका, सागा, सगळीकडे इथली वासरं जायची. 2010 च्या एप्रिलमध्ये इथे लाळ्या-खुरकूत आला. ऑगस्टअखेरपर्यंत गुरं आणि डुकरं मिळून सुमारे 2 लाख 90 हजार जनावरं मारून पुरावी लागली. त्यात निरोगी जनावरंही होती, साथ रोखण्यासाठी लस टोचून नंतर तीही मारली. प्रांताचे जवळजवळ सगळे वळू गेले. सर्वांत मौल्यवान असे सहा आधीच दुसरीकडे हलवले होते, त्यातला एक बाधित निघाला. उरले पाच. कित्येक पिढ्यांची निवड त्या पाच जनावरांवर येऊन थांबली होती.

दर पाच वर्षांनी वाग्यूची राष्ट्रीय स्पर्धा होते. 2007 मध्ये मियाझाकीने पंतप्रधान पारितोषिक मिळवलं होतं. 2012 मध्ये, साथीला दोनच वर्षं झाली असताना, नागासाकीतल्या स्पर्धेत त्यांनी ते पुन्हा मिळवलं. इथल्या गोठ्यांत आजही त्या वर्षाबद्दल बोलताना म्हातारे शेतकरी मधेच थांबतात. गोठ्याच्या दाराशी चुन्याची पूड पसरलेली असते, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. कुणी पर्यटक म्हणून आलात तर त्याचा राग मानू नका.

खायचं असेल तर मियाझाकी शहरात मियाचिकु, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेशी जोडलेलं. दर्जा 4 च्या खालचं मांस मियाझाकी-ग्यू म्हणून विकलंच जात नाही.

पशुवैद्य_सातारा

दक्षिणवारा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. लाळ्या-खुरकूत आपल्याकडे नित्याचा, त्यामुळे तिथल्या आकड्याचा अर्थ लगेच कळत नाही. पाच वळूंवरून उभं राहणं म्हणजे काय, हे रेतन केंद्रात काम केलेल्या माणसाला विचारा.

रानवाटा

ज्यांना चरबी जड जाते त्यांच्यासाठी: क्युशूतल्या आसो ज्वालामुखीच्या परिसरात जा. तपकिरी वाग्यू, म्हणजे आकाउशी, तिथल्या कुरणांवर चरतात. वसंतात हे गवत मुद्दाम जाळतात आणि मग सगळा डोंगर हिरवा होतो. मांस तांबूस, चरबी कमी, चावल्यावर बीफची खरी चव येते. उचिनोमाकी गावात इमाकिन शोकुदो नावाची 1910 पासूनची खाणावळ आहे. भातावर गुलाबी कापांचा थर, मधे अर्धकच्चं अंडं. रांग मोठी असते, सकाळी लवकर नाव लिहून यायचं. माझ्या मते जपानातलं बीफ समजून घ्यायचं असेल तर ताजिमा आणि आकाउशी दोन्ही खाल्ले पाहिजेत, नुसतं काळं खाऊन अर्धीच गोष्ट कळते.

आणि ताकायामात असाल तर व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांच्या गल्लीत हिदा बीफचं सुशी मिळतं, कुरकुरीत चकतीवर दोन-तीन घास. हॉटेलात न बसता चव घेण्याचा सगळ्यात सोपा उपाय.

अनघा_कोथरूड

आम्ही बीफ खात नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. जपानला जाणार आहोत. चुकून पोटात जाऊ नये म्हणून काय बघावं?

माई_टोकियो

अनघा, विचारलंस ते बरं केलंस. दिसणारं बीफ टाळणं सोपं आहे, न दिसणारं अवघड. तयार करी रूच्या वड्यांमध्ये बहुतेक वेळा गायीची चरबी असते, म्हणजे 'भाज्यांची करी' मागवली तरी. क्रोके, करी-ब्रेड, पाकिटातल्या नूडल्स यांतही बीफचा अर्क सापडतो. कान्साईत 'निकु उदोन' (मांस घातलेल्या जाड नूडल्स) म्हटलं की मांस बीफचंच. गायीचं कांजी (जपानी चित्रलिपीतलं) अक्षर फोनमध्ये जतन करून ठेव आणि पाकिटामागे ते शोध. हॉटेलात "ग्युनिकु नाशी, ग्युशी नाशी" असं दोन्ही सांग, मांसही नको, चरबीही नको. शोजिन र्योरी, म्हणजे मठांतलं शाकाहारी जेवण, क्योतोत उत्तम मिळतं.

अनघा_कोथरूड

चरबीचं खरंच माहीत नव्हतं. खूप आभार माई.

मंजिरी_दुबई

आणखी दोन प्रश्न. आमच्या ग्रुपमधल्या मुस्लिम मैत्रिणीला हलाल वाग्यू जपानात मिळेल का? आणि भारतात येताना भावासाठी पॅक करून आणता येईल का?

कान्साईकर

हलाल मिळतं. काही मोजक्या कत्तलखान्यांना तशी मान्यता आहे आणि टोकियो, ओसाका, क्योतोत हलाल वाग्यूची याकिनिकुची (विस्तवावर भाजलेल्या मांसाची) दुकानं आहेत. प्रमाणपत्र दाखवा म्हटलं तर ते आनंदाने दाखवतात.

भारतात मात्र नाही. गोमांसाच्या आयातीलाच परवानगी नाही, त्यामुळे सामानात आणायचा विचार करू नका.

फ्रान्सिस_वसई

घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. ठरलं असं: कोबेला दुपारी ताजिमा किंवा कोबे, चौघांत वाटून. क्योतोत एका रात्री सुकियाकी. वडील विचारतायत, समोर आलेलं मांस खरंच तेच आहे हे ओळखायचं कसं?

कान्साईकर

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त. 2001 मध्ये जपानात बीएसई (गुरांचा मेंदूचा आजार) आढळला, त्यानंतर 2003 मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक गुराला जन्मल्याबरोबर 10 आकडी क्रमांक मिळू लागला. तो कानातल्या बिल्ल्यावर असतो आणि शेवटी दुकानातल्या पाकिटावरही. चांगल्या हॉटेलात तो फळीवर लिहिलेला असतो किंवा प्रमाणपत्रासोबत टेबलावर आणून ठेवतात. पशुसुधार केंद्राच्या संकेतस्थळावर तो टाकला की जन्मतारीख, नर की मादी, जात, आईचा क्रमांक, कुठल्या प्रांतात किती काळ होतं आणि कत्तलीची तारीख, सगळं समोर येतं. इंग्रजीतही पान आहे. कोबे असेल तर जन्मापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या ओळींत ह्योगोच दिसला पाहिजे. वडिलांना स्वतः तो क्रमांक टाकून बघू द्या.

दोन्हीकडे आधी आरक्षण करा, एप्रिलमध्ये क्योतो भरलेलं असतं. आरक्षणातच लिहा की सोबत वयस्कर आहेत, खुर्ची-टेबलाची खोली हवी. जुन्या घरांत बहुतेक खोल्या तातामीच्या (जमिनीवरच्या चटईच्या) असतात आणि खाली बसून सुकियाकीला तास-दीड तास सहज जातो. आईला कच्चं अंडं चालणार नसेल तर तेही आधीच सांगा, किसलेला मुळा देतात.